खान्देशातल्या स्त्रियांच्या इतिहासावर पुस्तक काढायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या संशोधक विद्यार्थिनी, प्राध्यापक आणि स्वतःच्या घरातल्या बायकांवर लिहू पाहणारे काही जण मला हस्तलिखितं दाखवतात, फोनवर शंका विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. दोन उत्तरं एकमेकांत शिरतात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, पीएच.डी. झाली. प्रबंध तसाच छापला तर काय बिघडलं?

प्रबंध मार्गदर्शक आणि परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. तुम्हाला विषय येतो हे त्यात सिद्ध करायचं असतं. पुस्तकाच्या वाचकाला त्याचं काही देणंघेणं नसतं. त्यामुळे गृहीतकं, व्याप्ती आणि मर्यादा, पूर्वसंशोधनाचा चाळीस पानी आढावा, प्रत्येक प्रकरणाअखेरचा समारोप हे सगळं काढायचं. आढाव्यातलं जे खरंच लागतं ते तळटीपेत जातं.

आपल्याकडच्या प्रबंधांचं आणखी एक दुखणं आहे. विषय स्त्रियांचा असतो, पण पहिलं प्रकरण तापी, गिरणा, पांझऱ्याच्या खोऱ्यात सुरू होतं. मग फारुकी राजवट येते, इंग्रज येतात, १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन जिल्हे होतात, आणि पहिली बाई दिसते ती साठाव्या पानावर. पुस्तकात ती पहिल्या पानावर हवी. नदी, पाऊस, जिल्ह्यांची फाळणी हे तिच्या गोष्टीत जिथे लागेल तिथे येऊ द्या.

२. माझ्या विषयात पुरुषही बरेच आहेत. तो स्त्री-इतिहासात बसेल का?

बसेल. शहाद्याच्या परिसरात १९७२-७३ च्या सुमारास श्रमिक संघटनेच्या शिबिरांतून भिल्ल बायका उभ्या राहिल्या, दारूचे मटके फोडत गावोगाव गेल्या, मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. ही गोष्ट त्या नवऱ्यांशिवाय, जमीन बळकावणाऱ्यांशिवाय आणि आदिवासींचे पुढारी अंबरसिंग सुरतवंती यांच्याशिवाय सांगताच येत नाही. बाईपण आणि पुरुषपण दोन्ही कसं घडवलं गेलं हे तुम्ही तपासत असाल, तर प्रकाशकाला प्रस्तावात ‘लिंगभावाचा इतिहास’ असं स्वच्छ सांगा.

३. पुस्तक मराठीत काढू की इंग्रजीत?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि त्याचं सरसकट उत्तर देता येत नाही. इंग्रजीत काढलं तर देशभरच्या आणि परदेशातल्या अभ्यासकांपर्यंत जातं, तज्ज्ञांकडून परीक्षण होतं, नोकरीच्या मुलाखतीत वजन पडतं. पण किंमत हजाराच्या पुढे जाते आणि ज्या गावांवर लिहिलं तिथल्या वाचनालयात ते कधीच येत नाही. मराठीत काढलं तर माहिती देणाऱ्या बाईची नात ते वाचू शकते, चूक दाखवू शकते, आणखी कागद काढून देऊ शकते.

माझं मत विचाराल तर पुरावा प्रामुख्याने तोंडी असेल तेव्हा आधी मराठी. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ मध्ये मराठीत आलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती त्यात त्यांच्या नावानिशी आहेत. इंग्रजी अनुवाद आला तो २००८ मध्ये, आणि मूळ मराठी असल्याने त्याचं काही अडलं नाही. नोकरीसाठी इंग्रजी आधी काढणं भाग असेल तर मराठीचे हक्क स्वतःकडे ठेवा (प्रश्न १४).

४. कोणत्या प्रकाशकाकडे जावं?

आधी तुमच्या स्वतःच्या संदर्भसूचीकडे पाहा. तुम्ही ज्यांची पुस्तकं वापरलीत तेच तुमचे प्रकाशक. इंग्रजीत स्त्रीवादी प्रकाशनाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी १९८४ मध्ये ‘काली फॉर विमेन’ सुरू केलं. २००३ मध्ये त्यातून ‘झुबान’ आणि ‘विमेन अनलिमिटेड’ अशी दोन घरं झाली. कोलकात्याचं ‘स्त्री’ आणि त्याचंच ‘साम्या’ यांनी लिंगभाव आणि जात या विषयांवर महत्त्वाची पुस्तकं दिली. विद्यापीठीय प्रकाशनं आहेतच.

मराठीत सामाजिक शास्त्रांची पुस्तकं काढणाऱ्या मोजक्या संस्था पुण्या-मुंबईत आहेत. जळगाव-धुळ्यातल्या प्रकाशकांनाही कमी लेखू नका. पण त्यांची आधीची चार पुस्तकं हातात घेऊन बघा. तळटीपा नीट आहेत का? शेवटी सूची आहे का? मुद्रणदोष किती? दहा मिनिटांत अंदाज येतो.

५. प्रस्तावात काय काय लिहायचं?

पुस्तक काय म्हणतं ते एका परिच्छेदात, प्रकरणवार गोषवारा, कोणती साधनं वापरली, वाचक कोण, शब्दसंख्या, चित्रं किती, हस्तलिखित कधी पुरं होईल, आणि एक-दोन तयार प्रकरणं. ‘या विषयावर आजवर कोणीही लिहिलेलं नाही’ हे वाक्य टाळा, कारण संपादक ते रोज वाचतात. त्याऐवजी तुमच्याकडे असं काय आहे जे इतरांकडे नाही, ते सांगा: अमुक तालुक्यातल्या इतक्या मुलाखती, अमुक घराण्यातल्या बाईच्या वह्या.

परीक्षणाला चार-सहा महिने लागतात. प्रस्तावापासून छापील प्रतीपर्यंत दीड-दोन वर्षं धरून चाला. एकच हस्तलिखित एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवलं असेल तर दोघांनाही तसं कळवा.

६. प्रबंध शोधगंगेवर आहे. आता प्रकाशक घेईल का? साम्य तपासणीत तो चोरी म्हणून दिसेल का?

घेईल. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, प्रबंध असणं ही आता सर्वांचीच गोष्ट आहे, आणि पुस्तक खरोखर नव्याने लिहिलेलं असेल तर कोणी हरकत घेत नाही. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तुमचाच प्रबंध तुमच्यासमोर आणून ठेवणार, म्हणून संपादकाला आधीच सांगा आणि ऋणनिर्देशात पुस्तक कोणत्या प्रबंधावर आधारित आहे ते लिहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. मात्र संदर्भ न देता दुसऱ्याचं एक पानही उचललं तर टक्केवारी मोजत बसू नका, ती चोरीच आहे.

७. एका परदेशी प्रकाशनाचा ईमेल आला: ‘तुमचा प्रबंध आम्ही मोफत छापू.’ देऊ का?

देऊ नका. परीक्षण नाही, संपादन नाही, प्रबंधाची फाइल जशीच्या तशी छापतात, किंमत अवाच्या सवा ठेवतात आणि हक्क अडकवून बसतात. नंतर चांगल्या प्रकाशकाकडे गेलात की तो म्हणतो, हे तर आधीच प्रसिद्ध झालंय.

पदरमोड करून छापणं ही वेगळी गोष्ट आहे. मराठीत ती चालत आलेली आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मग पैसे कशाचे देताय ते लेखी घ्या: अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, कागद, बांधणी, प्रती किती. त्याआधी भारतीय इतिहास संशोधन परिषद आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद यांच्या प्रकाशन अनुदानासाठी अर्ज करून बघा.

८. आमच्या भागातल्या बायकांचे कागदच नाहीत. नुसत्या मुलाखतींवर आणि गाण्यांवर शास्त्रीय पुस्तक उभं राहतं का?

राहतं. पण ‘कागद नाहीत’ हे कागद शोधून झाल्यावर म्हणायचं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात गेलात का? १९२७ पासून तिथे दप्तरं जमा आहेत. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडं आहेत; वेणाबाई, अक्काबाई या रामदासांच्या शिष्यांवर काम करणाऱ्यांनी तिथे जायलाच हवं. मुंबईचं राज्य पुराभिलेखागार, जिल्ह्याचे अभिलेखकक्ष, शाळांची जनरल रजिस्टरं, जुन्या गिरण्यांची हजेरीपत्रकं बघा. १८८० चं खान्देश गॅझेटियर तर हाताशीच आहे. त्यात बायका मुख्यतः दागिने, पेहराव आणि लग्नविधीच्या वर्णनात भेटतात. लिहिणाऱ्या साहेबाला त्यांच्यातलं काय दिसलं आणि काय दिसलंच नाही, यावरही एक प्रकरण होऊ शकतं.

मोडी येत नसेल तर शिका. दुसऱ्याकडून लिप्यंतर करून घेतलंत तर त्याचं नाव द्या.

आता मुलाखती. तोंडी साधन कागदाइतकंच काटेकोरपणे वापरलं तर ते कुठेही कमी नाही. तारीख, गाव, बोलणारीचं वय, तेव्हा शेजारी कोण बसलं होतं, हे सगळं टिपलेलं हवं. शेवटचा मुद्दा फार जणींकडून सुटतो. सासू ओट्यावर बसलेली असताना सून १९७२ च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामाबद्दल जे सांगते, आणि सासू शेतात गेल्यावर जे सांगते, ती दोन वेगळी साधनं आहेत. दोन्ही वापरा, पण कोणतं कधी मिळालं ते तळटीपेत द्या. फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाची किंवा १९४२ ची आठवण असेल तर ती तिने स्वतः पाहिलेली आहे की आईकडून ऐकलेली, हेही लिहा. ऐकलेली असली म्हणून ती टाकाऊ ठरत नाही, तिचा उपयोग वेगळा होतो इतकंच.

९. मुलाखत देणाऱ्या बायकांची नावं छापू की बदलू?

बहुतेक हस्तलिखितांत मला असं दिसतं: तहसीलदार, आमदार, मुख्याध्यापक नावानिशी, आणि बायका ‘एक वृद्ध महिला’, ‘एक शेतमजूर स्त्री’. सुरक्षिततेसाठी म्हणतात. पण त्या बाईला कुणी विचारलेलंच नसतं. आयुष्यभर अमक्याची बायको म्हणून नोंदली गेलेली बाई तुमच्या पुस्तकातही बिननावाची राहिली, तर स्त्रियांचा इतिहास लिहिण्याचा आपला दावा पोकळ आहे. म्हणून नियम असा ठेवा: तिने नको म्हटलं तरच नाव बदला.

संमती दोनदा घ्या. एकदा मुलाखतीच्या सुरुवातीला, तिच्या बोलीत, ध्वनिमुद्रणातच. सही येत नसेल तर ही तोंडी संमती जपून ठेवा. दुसऱ्यांदा छापण्याआधी, तिच्याबद्दलचा मजकूर तिला वाचून दाखवून. दोन-तीन वर्षांत घरातली परिस्थिती बदललेली असते. तेव्हा चालेल म्हणालेली आता नको म्हणू शकते, आणि तो तिचा हक्क आहे. नाव बदललंत तर गाव आणि पोटजातही बघा. शंभर उंबऱ्यांच्या पाड्यावर ‘अंगणवाडीत काम करणारी विधवा’ एवढंच लिहिलं तरी सगळ्यांना कळतं.

१०. जात्यावरच्या ओव्या, आखाजीची गौराईची गाणी, कानबाईची गाणी यांचा कॉपीराइट कुणाचा?

परंपरेने आलेल्या, कर्ता माहीत नसलेल्या गाण्याचा कॉपीराइट कुणा एकाचा नसतो. पण जिने ते तुमच्यासमोर गायलं तिला त्या सादरीकरणावर कलाकार म्हणून हक्क आहे. १९५७ च्या कायद्यानुसार तो ५० वर्षं टिकतो. म्हणजे शब्द छापायला अडचण नाही, पण ध्वनिमुद्रण पुस्तकासोबत क्यूआर कोडने ऐकवायचं असेल तर तिची लेखी परवानगी लागेल. आणि जात्यावर बसून बायका स्वतःचं कडवं जोडत आल्यात. ते तिचंच आहे असं ती सांगत असेल, तर ते लोकगीत म्हणून खपवू नका.

११. बहिणाबाईंच्या कविता उद्धृत करायला परवानगी लागते का?

समीक्षा किंवा संशोधनासाठी काही ओळी घ्यायला ती कधीच लागत नव्हती. पूर्ण कविता छापायची असेल तर असं आहे: बहिणाबाई १९५१ मध्ये वारल्या आणि कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ मध्ये. लेखकाच्या निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात, त्यामुळे १९५२ मध्ये छापलेल्या कवितांची मुदत २०१२ अखेर संपली. नंतरच्या काळात पहिल्यांदा छापल्या गेलेल्या कवितांची मुदत त्यांच्या त्यांच्या सालापासून धरावी लागेल. नव्या आवृत्त्यांतल्या प्रस्तावना आणि टिपांचे हक्क वेगळे.

एक गोष्ट कायद्याबाहेरची. या कविता बहिणाबाईंनी म्हटल्या आणि सोपानदेवांसह घरातल्यांनी कागदावर उतरवल्या. इतिहासाचं साधन म्हणून वापरताना हा टप्पा विसरू नका.

१२. आजीची पत्रं आणि वही माझ्याकडे आहेत. मग हक्क माझेच ना?

कागद तुमचा, मजकुराचा हक्क लिहिणारीचा. ती गेली असेल तर तिच्या वारसांचा, म्हणजे कदाचित तुमच्या आत्या, काका आणि मावश्यांचाही. सगळ्यांची लेखी संमती घ्या. आजीला आलेल्या पत्रांचा हक्क पाठवणाऱ्याकडे असतो, हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही. ग्रंथालयात किंवा संग्रहालयात सर्वांना पाहायला खुलं असलेलं अप्रकाशित साहित्य, लेखिका माहीत असेल तर तिच्या निधनाला ६० वर्षं झाल्यावर संशोधनासाठी छापता येतं. स्टुडिओत काढलेल्या जुन्या फोटोंना २०१२ पर्यंत प्रकाशनापासून ६० वर्षांचा नियम होता; त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर फोटोंची मुदतही छायाचित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं अशी धरतात. घरातल्या अल्बममधला फोटो असला तरी त्यात दिसणाऱ्या हयात बाईला विचाराच.

१३. लैंगिक अत्याचाराच्या जुन्या प्रकरणावर प्रकरण लिहिलंय. नावं वर्तमानपत्रात येऊन गेलीत, मग मी छापली तर?

नाही. पीडितेची ओळख उघड करणं १९८३ पासून गुन्हा आहे. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. प्रकरण किती जुनं आहे याने फरक पडत नाही, आणि आधी कुणी छापलं म्हणून तुम्हाला सूट मिळत नाही. तिने स्वतः लेखी परवानगी दिली तर नाव देता येतं. त्या वेळी ती अल्पवयीन असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊच नका. जळगावच्या १९९० च्या दशकातल्या प्रकरणावर लिहिणाऱ्यांना मी हेच सांगते: पोलीस, राजकारण, न्यायालय, वर्तमानपत्रांची भाषा यांवर हवं तेवढं लिहा. मुलींचं गाव, कॉलेज, आडनावाचं पहिलं अक्षर, काही नको. प्रश्न ९ मधला नियम इथे उलटा होतो.

१४. करारात काय बघायचं?

किती वर्षांसाठी, कोणत्या भाषेसाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि कोणत्या रूपासाठी हक्क देताय. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. ‘सर्व भाषांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं वाक्य दिसलं तर खोडा आणि अनुवाद, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक वेगवेगळं लिहून घ्या. मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर की निव्वळ विक्रीवर, हेही विचारा. लेखकाच्या प्रती किती? मुलाखत देणाऱ्या प्रत्येकीला एक प्रत द्यायची असेल तर त्या जास्तीच्या प्रती लागत मूल्यात मिळतील असं कलम आत्ताच घाला.

१५. अहिराणी, पावरी मजकूर प्रमाण मराठीत करून छापू का?

मूळ बोली आधी, खाली मराठी अर्थ. तावडी, लेवा गणबोली, भिली यांनाही हेच लागू. लेखनाची एकच पद्धत ठरवा आणि पुस्तकाच्या सुरुवातीला ती सांगा. मुद्रितशोधन करणाऱ्याला ‘बोलीतल्या मजकुराला हात लावू नये’ असं लेखी द्या, नाहीतर ‘मनी माय’चं (माझी आई) सरळ ‘मणी माय’ होतं आणि बोलणारीची आईच गायब होते. प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात. बोलीतला मजकूर ध्वनिमुद्रणाशी ताडून, डोळ्यांत तेल घालून तपासा. पावरी तुम्हाला येत नसेल आणि गावातल्या मुलीने अर्थ लावून दिला असेल, तर ऋणनिर्देशात आभार मानून भागत नाही. अनुवादक म्हणून तिचं नाव त्या मजकुराखाली यायला हवं.

१६. आयएसबीएन कसा मिळतो? पदोन्नतीत किती गुण?

दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ गुण, राष्ट्रीय प्रकाशकाला १०, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५, पुस्तकाच्या अनुवादाला ८. आयएसबीएन असला म्हणजे पुस्तक दर्जेदार झालं असं नाही. तो नुसता क्रमांक आहे.

१७. मार्गदर्शक म्हणतात, सहलेखक म्हणून माझं नाव टाक.

लिहिलं असेल तर टाका, नसेल तर नाही. प्रबंधाचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो. मार्गदर्शनाचं ऋण प्रस्तावनेत मनापासून मानावं, त्यांना प्रस्तावना लिहायची विनंती करावी. तोंडावर नकार देणं अवघड जात असेल तर ‘प्रकाशकाला प्रत्येक प्रकरणाचा लेखक लेखी कळवावा लागतो’ असं सांगा. बरेच प्रकाशक तसं विचारतातही.

१८. पुस्तकाच्या शेवटच्या नामसूचीत बाईचं नाव कोणतं घालू? माहेरचं, सासरचं, की लोक म्हणायचे ते?

हा प्रश्न विचारणाऱ्या खूप कमी आहेत, आणि तो सगळ्यांनी विचारावा अशी माझी इच्छा आहे. लग्नात नाव बदललेलं, शाळेच्या रजिस्टरात एक, रेशनकार्डावर दुसरं, गावात ‘नानी’. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात, मुख्यतः उत्तर भारतात, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं मतदार यादीतून गळली, कारण त्या अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढ्याच ओळखीवर नोंदल्या गेल्या होत्या. आपल्या सूचीत तसं होऊ देऊ नका.

तिने स्वतःसाठी जे नाव वापरलं ते मुख्य नोंदीला घ्या. बाकीची नावं ‘पाहा’ लिहून तिकडे वळवा. एखाद्या कागदात ‘पाटलांची थोरली सून’ एवढंच सापडलं असेल तरी तिची स्वतंत्र नोंद करा, पाटलांच्या नोंदीखाली उपनोंद म्हणून टाकू नका. उद्या दुसऱ्या कुणाला तिचं नाव सापडलं तर जोडता येईल. गाणाऱ्या, मुलाखत देणाऱ्या, लिप्यंतर करणाऱ्या, अनुवाद करणाऱ्या सगळ्यांची नोंद सूचीत हवी. हे काम संगणकावर सोपवून होत नाही आणि पानं पक्की झाल्याशिवाय सुरूही करता येत नाही. त्यासाठी पंधरा दिवस तरी मागून घ्या, आणि तेही करारात लिहून ठेवा (प्रश्न १४).